बी.ए. करणाऱ्यांच्या बाजूनं

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात, भिंतीवर, एक व्याजदर कोरलेला आहे. नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक राजाचा, जावई उषवदात यानं सुमारे 1900 वर्षांपूर्वी 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. 2000 एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक या दरानं. 1000 दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण या दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, वापरायचं ते फक्त व्याज. त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे.

2000 वर महिना शेकडा एक म्हणजे वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही 240. हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडला तर मुलं मुकाट्यानं वहीत उतरवून घेतात. तोच पायऱ्या चढून, घाम पुसत, त्या भिंतीसमोर उभं राहून मांडला की प्रश्न सुरू होतात. एका श्रेणीला एक टक्का आणि दुसरीला पाऊण असं का? दुसरी जास्त भरवशाची होती म्हणून कमी व्याज चाललं का? विणकरांनी या पैशाचं काय केलं असेल, सूत घेतलं असेल की माग वाढवले असतील? राजाच्या जावयाला ठेव ठेवायची होती तर ती विणकरांकडे का? मागच्या वर्षी दिंडोरीकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या आईच्या बचत गटात महिन्याला दोन टक्के घेतात." पुढचा अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. गटातली एखादी बाई हप्ता चुकली तर काय होतं, हे ती सांगत होती आणि बाकीचे ऐकत होते.

आता हा प्रश्न नेमका कुठल्या विषयाचा? ठेव आणि व्याज आहे, म्हणजे अर्थशास्त्राचा. शक क्षत्रप आले, म्हणजे इतिहासाचा. लेखाची भाषा प्राकृत, म्हणजे भाषेच्या विद्यार्थ्याचा. भिक्षूंचा वर्षावास आहे, दान आहे, म्हणजे धर्म आणि समाजाचा. कोकणातल्या बंदरांकडून घाट चढून येणारा माल गोवर्धनच्या बाजूनं पुढे जायचा, म्हणजे भूगोलाचा. (गोवर्धन नावाचं गाव आजही गंगापूरच्या वाटेवर आहे. माझे काही विद्यार्थी तिथून येतात, आणि आपल्या गावाचं नाव भिंतीवर आहे हे कळल्यावर त्यांची चाल बदलते.) वेळापत्रकात हे पाच विषय पाच वेगळ्या तासांना, पाच वेगळ्या खोल्यांत असतात. भिंतीवर ते एकाच परिच्छेदात आहेत.

मी नाशिकमध्ये बी.ए. केलं, इतिहास स्पेशल घेऊन, आणि आता नाशिकमध्येच बी.ए.च्या मुलांना तासिका तत्त्वावर शिकवते. इतक्या वर्षांनी मला ठामपणे वाटतं ते असं: ही पदवी कुठल्याच एका विषयात नसते. एक विषय दुसऱ्याला जिथे भिडतो तिथे ती असते. आणि जिल्ह्यातल्या ज्या मुलांच्या वाट्याला ही शाखा सर्वांत जास्त येते, त्यांना आपण त्या जागेपर्यंत पोचूच देत नाही.

माझं गाव सिन्नर तालुक्यातलं. घरात शिकलेलं असं कुणी नव्हतं, पण शिकू नको असंही कुणी म्हणालं नाही. बारावीनंतर गावात ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, "सायन्सला नंबर नाही लागला का?" कला शाखा ही नंबर न लागलेल्यांची, लग्न ठरेपर्यंत थांबलेल्या मुलींची आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांची जागा, असं सगळ्यांनी धरलेलं. ती कुणी निवडून घेतं, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. मी निवडून घेतली होती. अकरावीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं होतं, "शिवकाळात आपल्या गावात ज्वारीचा भाव काय असेल, आणि तो आपल्याला कशावरून कळेल?" त्यातला "कशावरून कळेल" हा अर्धा भाग माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

एफवायला सहा विषय. एसटीचा पास, सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून कॉलेज रोडपर्यंत पायी, आणि वर्गात ऐंशी-नव्वद मुलं. पहिल्याच आठवड्यात सिनिअर मुलींनी गाईडची यादी दिली. कुठल्या प्रकाशनाचं गाईड कुठल्या पेपरला चालतं, कुठले प्रश्न व्हीआयएमपी, कुठला प्रश्न गेल्या वर्षी आला म्हणून यंदा येणार नाही. पदवीची तीन वर्षं निव्वळ गाईडांवर काढता येतात, आणि बहुतेकजण काढतात. यात मुलांचा दोष नाही. ऐंशी जणांच्या वर्गात निबंध लिहून घेऊन तपासणार कोण? मूळ साधनं ग्रंथालयात एकेक प्रत असतात आणि तीही संदर्भ विभागात. परीक्षा विचारते "कारणे सांगा", गाईड कारणं पाठ करून देतं, आणि कारण शोधायचं असतं ही गोष्टच राहून जाते.

मला ती कळली एसवायला. आमच्या इतिहासाच्या सरांनी एके दिवशी झेरॉक्स वाटल्या. तिसऱ्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखाचं मराठी भाषांतर होतं ते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलाच्या मागे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षी तिनं हे लेणं दान दिलं आणि मुलाची कीर्ती कोरून घेतली. तीन समुद्रांचं पाणी प्यालेली त्याची वाहनं, शक, यवन आणि पल्हवांचा त्यानं केलेला नाश, नगरवासीयांच्या सुखदुःखाशी एकरूप झालेला राजा. सरांनी एवढंच सांगितलं, "दोन वेळा वाचा. यात काही खटकतं का बघा."

दुसऱ्या वाचनात दिसलं. एके ठिकाणी ती म्हणते की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं माझ्या मुलाला रुचत नसे. आणि त्याच लेखात ती म्हणते की त्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. क्षहरात म्हणजे नहपानाचं कुळ, त्याच डोंगरात चार पावलांवर ज्याच्या जावयानं व्याजाचा तो लेख कोरून घेतला ते कुळ. वर्गात आमची जुंपली. कुणी म्हणालं, आई आहे, मुलाबद्दल असंच बोलणार. कुणी म्हणालं, ही स्तुतीची ठरलेली भाषा आहे, शब्दशः घ्यायची नाही. एक मुलगा म्हणाला, मग इतिहासाच्या पुस्तकात "शक-यवन-पल्हवांचा नाश केला" हे वाक्य शब्दशः का घेतलंय? सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी दुसरी झेरॉक्स काढली.

त्याच लेण्यात खुद्द गौतमीपुत्राच्या दोन राजाज्ञा आहेत. 18व्या राज्यवर्षी विजयी सैन्याच्या तळावरून तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो की कखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मीच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या, भिक्षूंना द्यावं. सहा वर्षांनी, 24व्या वर्षी, दुसरी आज्ञा येते, तीत राजाबरोबर त्याच्या आईचंही नाव आहे: ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती राहिलेली नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून 100 निवर्तनं द्यावीत.

ते वाचून मी गप्प झाले होते. गाव ओस का पडलं? लढाईत? लोक कुठे गेले? जिंकलेल्याची कीर्ती एका भिंतीवर आणि जिंकल्यानंतर ओस पडलेल्या गावाची सरकारी नोंद त्याच लेण्यात. 200 च्या जागी 100 का, हा प्रश्न तर माझ्या वडिलांनीही पहिल्यांदा विचारला असता, कारण जमिनीचं क्षेत्र अर्धं होणं म्हणजे काय ते त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होतं.

शेवटी सरांनी जोगलटेंभीचं सांगितलं. 1906 साली तिथे नाण्यांचा साठा सापडला, 13,000 हून अधिक चांदीची नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली. काही नाण्यांवर खालचा नहपानाचा चेहरा अजून ओळखू येतो. जोगलटेंभी सिन्नर तालुक्यात आहे. माझ्या आत्याच्या सासरच्या वाटेवरचं गाव. त्या संध्याकाळी बसमध्ये मी त्या नाण्यांचाच विचार करत होते. नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत? घाई होती? की खालचा चेहरा थोडा दिसत राहावा असंच त्याला हवं होतं? लोकांना आपण जिंकलो हे कळायला हारलेल्याचं नाव पुरतं पुसून कसं चालेल! हे माझं अनुमान होतं, कुठल्याही गाईडमध्ये नसलेलं. चूक की बरोबर हे आजही नक्की सांगता येणार नाही, पण ते माझं होतं आणि त्यामागे मला पुरावा दाखवता येत होता. पदवी म्हणजे काय, ते मला त्या बसमध्ये कळलं.

अर्थशास्त्र मी जनरलला घेतलं होतं. मागणीची लवचिकता शिकवताना पुस्तकात उदाहरण मिठाचं. मीठ स्वस्त झालं म्हणून कुणी जास्त खात नाही, महागलं म्हणून सोडत नाही, मागणी अलवचिक. आमच्या बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "कांद्याचं काय?" वर्गातले निम्मे कांदा पिकवणाऱ्या घरांतले. लाल, रांगडा, उन्हाळ, तिन्ही आम्हांला पाठ. पीक जोरात आलं की घरात आनंदाऐवजी काळजी का सुरू होते, हे आम्ही लहानपणापासून बघत आलेलो. त्याचं कारण आकृतीत पहिल्यांदा दिसलं. माल दीडपट आला तरी लोक दीडपट कांदा खात नाहीत, म्हणून भाव मालाच्या वाढीपेक्षा जोरात पडतो आणि एकूण पैसे आधीपेक्षा कमी येतात. मी घरी जाऊन वडिलांना ती रेषा वहीत काढून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मंग चाळीत साठवला तर ही रेघ कुठं सरकती?" हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी बाईंना विचारला. त्यांनी तो वर्गात घेतला. साठवणूक, नासाडी, वाट बघण्याची ऐपत कुणाकडे असते आणि कुणाकडे नसते, सगळं त्यातून निघालं.

आता मी शिकवते तेव्हा हेच पुढे नेता येतं. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती मे 2024 मध्ये उठली. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे या बाजारांतले त्या महिन्यांतले भाव मुलांच्या घरच्या हिशेबपट्ट्यांवर होते. आम्ही त्या पट्ट्या वर्गात मांडल्या. शहरातल्या खाणाऱ्याला स्वस्त मिळावं यासाठी पिकवणाऱ्यानं किती सोसावं, हा प्रश्न अर्थशास्त्राचा राहिला नाही, राज्यशास्त्राचा झाला, आणि वर्गातल्या सिडकोत राहणाऱ्या, वडील अंबडला कंपनीत असणाऱ्या मुलांनी आपली बाजू जोरात मांडली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. दोन्हीकडची मुलं एका वर्गात असणं ही नाशिकच्या कॉलेजांची श्रीमंती आहे.

ती सर्वांत जास्त जाणवते नाशिकच्या काळाराम मंदिराच्या बाबतीत. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद झाले. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. त्याच महिन्यात, 12 मार्चला, गांधीजींची दांडीयात्रा निघाली. पाठ्यपुस्तकात एकाला पूर्ण प्रकरण मिळतं आणि दुसऱ्याला काही ओळी, आणि मुलं बरोबर हाच प्रश्न विचारतात. मंदिराच्या दारात उभं राहून मी त्यांना राज्यघटनेचं 17वं कलम वाचायला लावते, अस्पृश्यता नष्ट करणारं, आणि मग 25वं कलम, त्यातलं दुसरं उपकलम, सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा कायदा राज्य करू शकेल असं सांगणारं. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ही कलमं क्रमांकानं पाठ करायची असतात. इथे उभं राहिलं की कळतं, त्या वाक्यांच्या आत एक बंद दरवाजा आहे. हा सत्याग्रह चालू असतानाच्याच वर्षांत बाबासाहेबांचं मन कुठवर येऊन पोचलं, ते 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं: हिंदू म्हणून मरणार नाही. येवलाही आपल्याच जिल्ह्यात.

वर्गात सत्याग्रहींची पतवंडं बसलेली असतात आणि दाराआडच्या लोकांचीही. शिक्षकाला जपून बोलावं लागतं, पण बोलावंच लागतं. एका मुलानं सांगितलं की त्याच्या पणजोबांचं सत्याग्रहातलं नाव घरात सगळ्यांना माहीत आहे, कागद मात्र एकही नाही. तिथून कागद नसलेल्यांचा इतिहास कसा लिहायचा यावर आम्ही दोन तास घेतले. पोवाडे, भीमगीतं, आठवणी, तुरुंगाच्या नोंदी. मराठी वाङ्मय घेतलेल्या मुली त्या दिवशी इतिहासवाल्यांच्या पुढे होत्या, कारण गाण्यातली खूण कशी वाचायची ते त्यांना येत होतं.

मला राग येतो तो इथे. हेच सगळं, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य, राज्यशास्त्र एकत्र शिकणं, लहान वर्गात वाद घालणं, मूळ साधनं वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिणं, आज पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांत लिबरल आर्ट्स या नावानं मिळतं आणि त्याची वर्षाची फी लाखांच्या घरात असते. तिथे जाणाऱ्या मुलांना कुणी विचारत नाही की सायन्सला नंबर लागला नाही का. मला त्या मुलांचा हेवा नाही. त्यांना मिळतं ते चांगलंच आहे. पण निफाड, सुरगाणा, कळवण, इगतपुरीहून येणाऱ्या मुलाला त्याच विषयांसाठी गाईड आणि ऐंशींचा वर्ग मिळतो, आणि वर त्यालाच सांगितलं जातं की तुझ्या पदवीला किंमत नाही. किंमत पदवीला नाही असं नाही. तिच्यावर खर्च करायची आपली तयारी नाही.

निफाडचं नाव आलंच आहे तर सांगायला हवं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं 1857 साली आणि तिथून बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली 1862 साली. त्या मोजक्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे होते, ज्यांचा जन्म निफाडचा, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, ज्यांनी पुढे नाशिकच्याच लेण्यांतल्या लेखांचा अभ्यास केला. रानडे न्यायाधीश झाले, भारताच्या दारिद्र्याच्या कारणांवर त्यांनी लिहिलं, मराठ्यांच्या इतिहासावर लिहिलं, विधवाविवाहाच्या बाजूनं उभे राहिले. कायदा, अर्थकारण, इतिहास आणि समाज त्यांच्या डोक्यात वेगळ्या कप्प्यांत नव्हते. महाराष्ट्रातली बी.ए. सुरू झाली ती अशी. मी एफवायच्या पहिल्या तासाला हे सांगते, आणि निफाड तालुक्यातून आलेल्या मुलांना हात वर करायला सांगते. दर वर्षी बरेच हात वर येतात.

आता लोक म्हणतील, रानड्यांचा काळ वेगळा, आज पोट भरायचं आहे. हा प्रश्न मी टाळणार नाही. माझे निम्मे विद्यार्थी काम करतात. सातपूरला सेकंड शिफ्ट करून सकाळी वर्गात येणारे आहेत, कॅफेत ऑर्डर घेणाऱ्या मुली आहेत, द्राक्षांच्या हंगामात आठवडेच्या आठवडे न दिसणारे आहेत. काहीजण कमवा व शिका योजनेत कॉलेजातच काम करतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना एमपीएससी करायची असते. त्याला मी कधीच नाक मुरडत नाही. सरकारी नोकरीनं आमच्या भागातली कितीतरी घरं उभी राहिली. पण अभ्यासिकेत खुर्ची मिळवून वर्गाकडे पाठ फिरवणं मला पटत नाही. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. चार पानं सलग, मुद्देसूद, स्वतःची लिहिता येणं लागणार आहे, आणि ते लिहिणं शिकायची जागा बी.ए.चा वर्ग हीच आहे. नोकरीसाठी लागतं आणि माणूस म्हणून लागतं ते इथे तरी एकच आहे.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आलं, चौथं ऑनर्सचं वर्ष आलं. विषयांच्या भिंती खाली याव्यात हा त्यामागचा विचार मला मनापासून मान्य आहे. कॉमर्सच्या मुलीनं इतिहास घ्यावा, इतिहासाच्या मुलानं संख्याशास्त्र घ्यावं, याहून चांगलं काय? पण त्यासाठी शिक्षक लागतात. पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि माझ्यासारखे कितीतरी जण तासांवर, दर वर्षी नव्या मुलाखतीनं, सुट्टीत बिनपगारी काम करतात. निबंध तपासायला, लेण्यांवर न्यायला, एखाद्या मुलाशी तासभर बोलायला जो वेळ लागतो त्याचा तास कुठल्याच बिलात लागत नाही. तो आम्ही देतो, पण शिक्षणव्यवस्था कुणाच्या चांगुलपणावर चालू नये.

माझ्या वहिनीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिनं लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर, मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं, मुख्यालय नाशिकलाच, गंगापूर धरणाजवळ. वहिनी रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर ओट्यावर पुस्तक ठेवून वाचायची. सगळ्यांना वाटलं ती अंगणवाडीच्या जागेसाठी शिकते आहे. ती जागा निघाली नाही. पण पुढच्या ग्रामसभेत तिनं उठून पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा तपशील मागितला, आणि उत्तर मिळेपर्यंत बसली नाही. लोकप्रशासनाच्या पुस्तकात ग्रामसभेच्या अधिकारांवर धडा होता. तो तिनं परीक्षेपुरता वाचला नव्हता.

यंदा मी एसवायच्या मुलांना एक काम दिलं आहे. घरातला कुठलाही एक कागद आणायचा आणि त्यावर चार पानं लिहायची: हा कुणी लिहिला, कुणासाठी, का, आणि यात कुणाचं नाव असायला हवं होतं पण नाही. सहकाऱ्यांनी आपापल्या विषयातून मदत करायचं कबूल केलं. कागद आले ते बघून मी थक्क झाले. सोसायटीच्या कर्जाचं पासबुक. बाजार समितीची हिशेबपट्टी. नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या आजोबांचं ओळखपत्र. लग्नपत्रिका, ज्यात नवरीच्या आईचं नावच नाही. मोडीतला एक कागद, जो घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजेत ठेवला आहे आणि कुणालाच वाचता येत नाही.

एका मुलीनं सातबारा आणला, चांदवडकडची आहे. पणजोबा वारल्यावर वारस म्हणून आजोबांबरोबर त्यांच्या तीन बहिणींचीही नावं लागली होती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मागे मुलीही वारस ठरतात. पुढच्या फेरफारात तिघींची नावं कमी झाली, हक्कसोड पत्रानं. मुलगी तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल घेऊन आली. तिघींचे अंगठे कधी उठले ती तारीख त्यात आहे. तिनं तीन पानं लिहिली: कायदा काय म्हणतो, 2005 च्या दुरुस्तीनं काय बदललं, बहिणी हक्क का सोडतात याबद्दल समाजशास्त्राच्या पुस्तकात काय आहे. चौथं पान अडलं. तिघींपैकी एक अजून आहेत, ती त्यांना आत्याआजी म्हणते. "मॅडम, तिला नेमकं काय विचारू? घरात वाईट वाटेल अशा रीतीनं नाही विचारायचं मला."

आम्ही सगळे मिळून प्रश्न लिहायला बसलो. अंगठा देण्याआधी कागद वाचून दाखवला होता का, आणि कुणी? निबंधकाच्या कचेरीत कशावरून गेलात, सोबत कोण होतं? त्या दिवशी भावाकडून साडीचोळी मिळाली का? नाही म्हणाला असतात तर माहेर राहिलं असतं असं वाटतं का? साहित्याच्या मुलांनी सांगितलं की आधी प्रश्न विचारूच नको, त्यांना त्या घराबद्दल, विहिरीबद्दल बोलू दे. शेवटचा प्रश्न मुलीनं स्वतः घातला: आज पुन्हा अंगठा मागितला तर देशील का? अर्थशास्त्रवाल्या दोघांचं म्हणणं पडलं की त्याआधी आत्याआजीला जमिनीचा आजचा भाव माहीत असायला हवा, नाहीतर उत्तराला अर्थ नाही. मुलीला ते पटलं नाही, भाव सांगितला की उत्तर बदलतं म्हणाली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा वर्ग दोन बाजूंना वाटला गेला होता, आणि पुढच्या तासाचे सर दारात उभे होते.